साडेतीन हजारांची कार्यशाळा आणि चढावरचा हाफ क्लच

गेल्या जानेवारीत साताऱ्यात, पोवई नाक्याजवळच्या एका सभागृहात, मी दोन दिवसांची एक कार्यशाळा केली. मेंदू आयुष्यभर स्वतःची जडणघडण बदलू शकतो, हे समजून घेऊन आपली मनोवृत्ती बदलायची, असा तिचा विषय होता आणि चहा, नाश्ता, दोन्ही दिवसांचे जेवण व एक पुस्तिका धरून शुल्क ३,५०० रुपये होते. अभिप्रायाचा अर्ज आयोजकांनी रविवारी संध्याकाळीच भरून घेतला आणि मीही पाचपैकी पाच गुण देऊन मोकळी झाले, कारण दोन दिवस टाळ्या वाजवून झाल्यावर माणसाच्या हातून दुसरे काही लिहिले जात नाही. आज पाच महिन्यांनी, डोके शांत असताना, तोच अर्ज पुन्हा भरावा तसे हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. या धर्तीच्या कार्यशाळा आता तालुक्याच्या गावीही होतात आणि माझी तक्रार ज्या गोष्टींबद्दल आहे त्या एकाच संस्थेपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

मी ५३ वर्षांची असून एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा पुण्याला गेल्यापासून गाडी दारात उभी आहे. ‘मला गाडी जमायची नाही’ हे वाक्य मी वीस वर्षे इतक्या सहजपणे म्हणत आले आहे, की घरातल्यांनी ते माझ्या रक्तगटासारखे मान्य करून टाकले होते. यापूर्वी दोनदा शिकायला गेले आणि दोन्ही वेळा चढावर गाडी मागे घरंगळली तेव्हा सोडून दिले. नोंदणीच्या अर्जावर ‘कोणती धारणा बदलायची आहे’ असा रकाना होता, त्यात मी हेच वाक्य लिहिले.

शनिवारची सकाळ खरोखर उत्तम गेली. प्रशिक्षक पस्तिशीचे, मराठी स्वच्छ, बोलणे उगाच चढ्या आवाजात नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात एक उभा आरसा, पुठ्ठ्याचा आडोसा आणि दुहेरी रेषांची चांदणी छापलेले दहा कागद ठेवले होते. हात आडोशाने झाकायचा, फक्त आरशात पाहायचे आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, एवढेच काम होते. पहिल्याच कोपऱ्यावर माझी पेन्सिल अडली. ती पुढे न्यावी म्हटले की मागे येई, आणि जोर लावावा तसतसे कागदावर कोळ्याचे जाळे तयार होई. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक स्वतःच्याच मनगटावर खेकसले. पहिल्या चांदणीला मला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला, दहाव्या चांदणीला पाऊण मिनिट पुरले, आणि या दोहोंच्या मध्ये नेमके काय बदलले हे मला शब्दांत सांगता आले नसते.

हा प्रयोग मानसशास्त्रात जुना आहे आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रशिक्षकांनी सांगितली नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, आणि भोवतालचा काही भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याच्या मनात नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून आरशातली हीच चांदणी तीन दिवस काढून घेतली. आपण हे कधी केले आहे याची त्याला दर दिवशी आठवण नसे, तरी हात मात्र दर दिवशी अधिक सफाईने चाले. ज्याला आपण काल काही शिकलो हेच ठाऊक नव्हते, त्याच्याजवळ स्वतःवर विश्वास ठेवायला काही आधारच नव्हता. तरी त्याचा मेंदू शिकत होता. कार्यशाळेची सगळी मांडणी मात्र याच्या उलट क्रमाने होती: आधी मन बदला, मग हात आपोआप बदलेल.

माहितीचा भाग बराचसा बरोबर होता. प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, असे चेतापेशींचा अभ्यास करणाऱ्या रामोन इ काहाल यांनी म्हटले होते, हे मला तिथेच कळले. १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. पुढे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले, की एक चेतापेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करत राहिली तर त्यांच्यातला दुवा बळकट होतो. लंडनच्या टॅक्सीचालकांची गोष्टही आली, ती आल्याशिवाय अशी कार्यशाळा पूर्ण होत नसावी. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पण याच्या पुढचा अभ्यास अधिक बोलका आहे आणि तो सांगितला गेला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टॅक्सीच्या परवान्यासाठी शहराचा नकाशा तोंडपाठ करणारे ७९ उमेदवार होते, त्यांतले ३९ उत्तीर्ण झाले आणि तीन-चार वर्षांनंतर मेंदूतली वाढ दिसली ती फक्त या ३९ जणांत. नकाशा तोंडपाठ करण्याची इच्छा बाकीच्यांनाही होतीच.

दुपारनंतर घसरण सुरू झाली. आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे विधान पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामा बसणारा नोकर कोणतेही शरीर एवढ्या पगारावर ठेवणार नाही. त्यापाठोपाठ ‘२१ दिवसांत नवी सवय’ आले. याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या एका निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान तीन आठवडे लागतात, असे त्यांना दिसले होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात साठ माणसे बसलेली असताना ‘याला पुरावा काय’ असे एकानेही विचारले नाही, आणि त्या साठांत मीही होते.

एका गृहस्थांनी प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मात्र मला सर्वांत जास्त खटकले. वडिलांना अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले आहेत, उजवा हात उचलत नाही, मेंदू बदलतो तर त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. बाबांना रोज डोळे मिटून हात हलतो आहे असे मनापासून अनुभवू द्या, विश्वास कमी पडता कामा नये, असे त्यांना सांगण्यात आले. आता, मेंदूच्या बदलाचा सर्वांत ठोस उपयोग जिथे झाला आहे ते क्षेत्र नेमके हेच आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. उपचाराच्या गटातल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे, जागेपणाच्या नव्वद टक्के वेळ, जाड मोज्यात अडकवून ठेवायचा आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचे, अशी पद्धत होती, आणि त्यांच्या हाताची सुधारणा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. हे प्रत्येकाला लागू पडत नाही, हातात थोडी तरी हालचाल शिल्लक असावी लागते. पण त्या गृहस्थांना फिजिओथेरपिस्टकडे जाऊन हे विचारा, एवढे तरी सांगायला हवे होते. आता बाबांचा हात हलला नाही तर त्यांचा विश्वास कमी पडला, असे घरात म्हटले जाईल. हे उत्तर निरुपद्रवी नाही.

रविवारविषयी थोडक्यात लिहिते. डोळे मिटून, संथ संगीतात, ‘मी समर्थ आहे’ हे १०८ वेळा म्हणायचे होते. त्यानंतर एकमेकांना मिठी मारायची होती, ती बायकांनी बायकांना आणि पुरुषांनी पुरुषांना मारली. चार वाजता पाचगणीच्या निवासी शिबिराची माहिती सुरू झाली: शुल्क १८,००० रुपये, सहाच्या आत भरले तर १४,०००. ‘पैशाचा विचार मनात येतो आहे ना, तीच तुमची जुनी धारणा आहे’, हे वाक्य ऐकून मी पर्स मांडीवर ओढून घेतली. रोज काउंटरवर कर्जदारांना व्याजाचा दर समजावून सांगणाऱ्या बाईला ही युक्ती ओळखता यायला दोन मिनिटे लागली, पण माझ्यापुढच्या रांगेतल्या दोन तरुण शिक्षिकांनी फोनवरून पैसे भरले.

मनोवृत्ती बदलण्याला काहीच अर्थ नाही, असे मला म्हणायचे नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी मांडलेल्या, बुद्धी वाढवता येते या समजुतीवरचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नववीतल्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांपैकी काहींना संगणकावर एका तासापेक्षाही कमी वेळाचा पाठ दिला गेला. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे सरासरी गुण चार अंकांच्या श्रेणीत सुमारे ०.१ ने वाढले. म्हणजे परिणाम खरा आहे आणि छोटाही आहे, आणि तो घडवायला मिठ्या मारायची गरज पडली नाही. हा आकडा शनिवारी सकाळी कोणी सांगितला असता तर मी त्या कार्यशाळेवर अधिक विश्वास ठेवला असता.

पुस्तिका चाळीस पानांची आहे, शुद्धलेखन वाईट आहे आणि त्यातली एकोणचाळीस पाने विसरली तरी चालतील. सतरावे पान मात्र कामाचे निघाले. त्यावर फक्त एक तक्ता आहे: कोणती छोटी कृती, रोज कशानंतर, कुठे, आणि आज केली की नाही. सवयींचा अभ्यास करणाऱ्या फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांकडून साधारण असेच करून घेतले होते. रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला एक कृती जोडायची. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. एखादा दिवस चुकला म्हणून मोठे नुकसान झालेले दिसले नाही. कार्यशाळेच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र चुकलेल्या दिवसाला ‘पुन्हा पहिल्यापासून’ असा नियम होता, त्यामुळे दहाव्या दिवसापर्यंत निम्मे लोक गप्प झाले आणि उरलेले सूर्योदयाची चित्रे पाठवू लागले.

मी सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. वीस दिवस, रोज अर्धा तास, ५,००० रुपये. शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षाही लहान होता आणि मेंदूविषयी त्याने एक अक्षर काढले नाही. पहिले चार दिवस त्याने मला मोकळ्या मैदानात एवढेच करायला लावले: “काकू, ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. क्लच सोडत या, गाडी हलली की परत दाबा.” टाच खाली टेकवून पंजा जरा जरा वर घ्यायचा, एका जागी इंजिनाचा आवाज जाड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते आणि सीटमधून बारीक थरथर पाठीला लागते. ती जागा, म्हणजे हाफ क्लच, आधी सापडली, तर हँडब्रेक सोडल्यावरही गाडी चढावर थांबून राहते. यापूर्वीच्या दोन्ही वेळी मला चढ थेट चढायला लावला होता आणि ही जागा कोणी वेगळी काढून दाखवली नव्हती. शनिवारच्या आरशातल्या चांदणीची आठवण मला नेमकी इथे झाली, आणि ३,५०० रुपयांतले काही रुपये तरी वसूल झाले ते याच क्षणी.

समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. सतराव्या पानाच्या झेरॉक्स काढून मी रोजचा आकडा लिहीत गेले: अकरा, नऊ, नऊ, बारा, सहा. क्लास संपून घरची गाडी हातात घेतली, तर तिचा क्लच बराच वर धरतो, म्हणून आकडा पुन्हा आठवर गेला. पायाला नवी जागा शोधावी लागली, पण या वेळी चार दिवस पुरले. मार्चअखेरीस एका सकाळी पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून वर येताना पुढची वाहने थांबली, मागे एसटी येऊन उभी राहिली, आणि वाट मोकळी झाल्यावर मी निघाले. हा चढ होता हे मला पतसंस्थेच्या दारात गाडी लावताना आठवले. गाडी कितीदा बंद पडली ते सगळे माझ्याकडे तारखेनिशी आहे. ‘मला जमायची नाही’ हे वाक्य कोणत्या दिवशी गेले, याची नोंद मात्र कुठे नाही.

जाणाऱ्यांसाठी आवश्यक ते सांगते. सभागृहाला वाहनतळ नाही, खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, जेवण साधे आणि चांगले होते, समारोपाला कंदी पेढा मिळाला. पैसे भरण्यापूर्वी पुढच्या शिबिराची विक्री किती वाजता सुरू होते ते विचारून घ्यावे आणि त्या वेळी चहाला बाहेर पडावे. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी त्याच्या उपचाराचा प्रश्न तिथे विचारू नये. फक्त शनिवारची सकाळ वेगळ्या शुल्कात करता येईल का, असे मी गेल्या आठवड्यात फोन करून विचारले. तशी सोय नाही असे कळले. ती झाली, तर माझ्या नणंदेचे नाव मी घालणार आहे. संगणक आपल्यासाठी नाही, असे ती पंधरा वर्षे म्हणते आहे, आणि तो तिच्या टेबलावर समोरच आहे.