ब्रेकची डिस्क: लेथवर घासून घ्यावी की नवी बसवावी?

ब्रेक दाबताना कर्कश आवाज येऊ लागला, तर बहुधा पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला (डिस्कला) दाबून धरणारे तुकडे, संपत आलेले असतात. त्यांचे अस्तर ३ मिलिमीटरवर आले की ते बदलावेत. ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरत असेल, तर मात्र डिस्क तपासावी. थंड डिस्कवरून नख फिरवले की चरे जाणवतात आणि कडेला उभी राहिलेली धारही बोटाला लागते.

लहान गाडीची डिस्क लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) घासून घेण्यास काही शे रुपये लागतात, तर पुढच्या चाकांसाठी नव्या डिस्कची जोडी साधारण ३ ते ६ हजार रुपयांच्या घरात जाते. तरीही निर्णय पैशांवर नव्हे, तर जाडीवर घ्यावा. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. घासल्यावर उरणारी जाडी त्याच्या जवळ जाणार असेल, तर घासण्यावरचा खर्च वाया गेलाच म्हणून समजा, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि वरंध घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक नेमके हवे तेव्हा कमी पडतात. जाडी भरपूर शिल्लक असेल, तर घासणे पुरेसे आहे. दोन्ही बाबतींत काम डाव्या-उजव्या चाकांचे एकदमच करावे, आणि पॅडही नवे घालावेत.