खजिन्याचा शोध: चिठ्ठ्या की मोबाइल?

जोडीदारासाठी घरातच खजिन्याचा शोध आखायचा, तर सुगावे चिठ्ठ्यांवर द्यावेत की मोबाइलवर? मोबाइल सोपा. जागेचा अगदी जवळून काढलेला फोटो पाठवला की झालं. शोध अडला तर लगेच दुसरा इशारा देता येतो.

चिठ्ठ्यांना मेहनत लागते. त्या शेवटाकडून लिहाव्यात: आधी भेटवस्तूची जागा ठरवायची, मग तिथे नेणारी चिठ्ठी, मग तिच्या आधीची. प्रत्येकीवर क्रमांक हवाच, म्हणजे चौथी चुकून आधी हाती लागली तर बाजूला ठेवता येते. सहा-सात पुरेत.

तरीही मी चिठ्ठ्याच निवडेन. साखरेच्या डब्यात आपल्या अक्षरातली, फक्त दोघांनाच कळणारी आठवण सापडल्यावर चेहरा जसा खुलतो, तसा स्क्रीन बघून खुलत नाही.