बटण दाबलं की आत जाणारी सुई: सेफ्टी बटरफ्लाय वापरून झालेलं मत

रोज ब्लड कलेक्शन करणाऱ्यांसाठी लिहितेय. साध्या बटरफ्लायऐवजी (म्हणजे प्लास्टिकचे पंख आणि लांब नळी असलेली रक्त घ्यायची सुई) आमच्याकडे आता बटणवाली सेफ्टी बटरफ्लाय आलीये आणि मला ती मनापासून आवडली. शेवटची ट्यूब भरली की सुई शिरेत असतानाच बटण दाबायचं, टक्क आवाज येतो आणि सुई मागच्या प्लास्टिकमध्ये ओढली जाते, म्हणजे उघडं टोक बाहेर दिसतच नाही. दुसऱ्या प्रकारच्या सेफ्टी सुईत कव्हर हाताने सरकवायचं असतं ना, तिच्यात पेशंटने हात झटकला किंवा मागे रांग लागली की कव्हर राहूनच जायचं. त्यात बटरफ्लायची ती लांब नळी, टाकताना उसळी मारते आणि टोक आपल्याच हाताकडे फिरतं, टोचतं ते बरेचदा तिथेच.

आणि ही पोकळ सुई, आत रक्त राहतं. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण बाधित पेशंटची सुई टोचली तर त्याचा धोका साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला मात्र बीचा धोका ६ ते ३० टक्के. हिपॅटायटिस सी वर तर लसच नाही. त्यामुळे बीच्या लसीचे तिन्ही डोस आणि नंतर टायटर (लस लागू पडली का हे बघायची रक्ततपासणी), हे सुई कितीही भारी असली तरी हवंच.

मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हाऊसकीपिंगच्या मावशींचा. आपण चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई टोचते ती त्यांना, आणि कुठल्या पेशंटची होती हे पण कळत नाही. आत गेलेली सुई त्यांना टोचत नाही, बस्स. तरी शार्प्स बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हाताशी लागतोच आणि तीन चतुर्थांश भरला की बदलायचा, वरून दाबून बसवायचं नाही.

तक्रारी आहेत. बटण पंखांच्या अगदी मागे आहे, नवीन माणसाकडून सुई घालतानाच दाबलं जातं आणि पेशंटला परत टोचावं लागतं. कधीकधी रक्ताचा बारीक थेंब उडतो, म्हणून वर गॉझ धरा, ग्लोव्हज तर हवेतच. महाग आहे म्हणून काही ठिकाणी फक्त लॅबला देतात आणि वॉर्डला साधीच, हे मला अजिबात पटत नाही, रक्त तिथेही तेच असतं.

घेणार असाल तर २१ आणि २३ गेज (सुईच्या जाडीचे आकडे, २३ ची बारीक) दोन्ही मागवा आणि पेशंटवर वापरायच्या आधी डमी हातावर बटणाची सवय सगळ्यांना करून द्या, नाईटवाल्यांना पण.