टक आवाज क्रॉसचा, बिल क्राऊन-पिनियनचं

जुन्या जीपला पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून 'टक' असा ठोका येतो. हळू चालवली की चाकाच्या लयीत चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-आर्णी पट्ट्यातल्या एका कमांडर जीपची तक्रार एवढीच होती. मिस्त्री एकटाच गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "भाऊ, हाउसिंग गेलं तुमचं. क्राऊन-पिनियन खाल्ली त्यानं. गाडी राहू द्या, तीन दिवसांनी या." हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली लोखंडी पेटी. तिच्यात शाफ्टनं फिरणारी लहान दातेरी पिनियन मोठ्या दातेरी क्राऊनला फिरवते आणि क्राऊन चाकांना. मिस्त्रीनं आगाऊ ८ हजार घेतले. तिसऱ्या दिवशी दात तुटलेली पिनियन हातात ठेवली आणि गाडी दिली. गाडी अगदी शांत चालत होती. तीन आठवड्यांनी ती घुमू लागली.

हाउसिंग उघडल्यावर जे निघालं ते सगळ्या जुन्या जीप आणि पिकअपवाल्यांनी वाचावं, कारण ही फसवणूक याच पद्धतीनं पुन्हा पुन्हा होते.

हाउसिंगच्या झाकणाच्या बोल्टांवर जुनी काळी माती दगडासारखी बसलेली होती, म्हणजे झाकण उघडलंच नव्हतं. आत फिलर प्लगमधून, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच काढून, गन लावून ग्रीस कोंबलं होतं. बदलला होता फक्त प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून हाउसिंगपर्यंत येणाऱ्या दांड्याचा, मागचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा अधिक चिन्हासारखा सांधा), तोही हलक्या प्रतीचा आणि हातोड्यानं ठोकून बसवलेला. दाखवलेली पिनियन दुसऱ्याच गाडीची होती. हे ओळखायला एक सोपी मोजणी आहे. गिअर न्यूट्रल करा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की दुसरं चाक क्राऊनच्या दुप्पट फिरतं, म्हणून दोन फेरे. इथे शाफ्ट सव्वापाचपेक्षा थोडा जास्त फिरला. हे ४३ दाती क्राऊन आणि ८ दाती पिनियनचं गणित आहे, ५.३८. दाखवलेल्या पिनियनला दात होते ११. ती ४१ दाती क्राऊनसोबत चालते आणि प्रमाण येतं ३.७३. शिवाय क्राऊन आणि पिनियन जोडीनंच येतात, दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. नुसती पिनियन दाखवून 'जोडी बदलली' म्हणणाऱ्याला क्राऊन कुठे आहे ते विचारा.

ग्रीस का कोंबतात, हे नीट समजून घ्या, कारण खरं नुकसान तिथेच होतं. जुन्या दातांची थोडी घूं-घूं असतेच. जाड ग्रीस दातांमध्ये उशीसारखं बसतं आणि तो आवाज दाबतं. गिऱ्हाइकाला वाटतं, नवी जोडी पडली. पण फिरणारी क्राऊन त्या ग्रीसमध्ये स्वतःपुरता चर पाडते आणि उरलेलं ग्रीस जागेवरच बसून राहतं. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल मिळतं ते क्राऊननं उडवलेलंच, ग्रीस तिथवर उडत नाही. बेअरिंग कोरडं पडतं, तापून निळं होतं, पिनियन हलायला लागते. थोडे दिवस आणखी चालवलं असतं तर दात खरोखर तुटले असते. ज्या बिघाडाचं खोटं बिल घेतलं, तो बिघाड या माणसानं स्वतःच्या हातानं तयार केला. याचा राग यायलाच हवा. जुनी गाडी विकतानाही हीच युक्ती वापरतात, कधी ग्रीसऐवजी लाकडाचा भुसा. म्हणून विकत घेण्याआधी फिलर प्लग काढून बोट घाला. तेल वाहतं असायला हवं आणि सपाट जागेवर भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं.

आवाज कुठला, हे गॅरेजला जाण्याआधी घरीच बरंचसं कळतं. इंजिन बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. काही जुन्या जीपचा हँडब्रेक गिअरबॉक्समागे शाफ्टवरच असतो, शाफ्ट सोडवला की तो ब्रेक उरत नाही, म्हणून दगड विसरू नका. खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे दोन फाट्यांचे भाग) दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा, मग वरखाली ढकला. योक आणि क्रॉसच्या मध्ये डोळ्याला दिसेल एवढी हालचाल असेल तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकावरच्या वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडून गंजल्या. नाल्यातून गाडी गेली की तिथलं ग्रीस धुऊन जातं, म्हणून पावसाळ्यात ही तक्रार जास्त. शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या खाचांमध्ये ढिलेपणा असला तरी असाच ठोका येतो. हाउसिंगच्या तोंडावरची फ्लँज (जिथे शाफ्ट बोल्टनं जोडतात ती चकती) वरखाली हलली तर मात्र पिनियनचं बेअरिंग किंवा नट बघावा लागेल. ती फिरवताना थोडा मोकळेपणा जाणवतो तो साहजिक आहे, दातांमध्ये फट ठेवावीच लागते. ती फट दाखवून घाबरवणारेही आहेत.

चालत्या गाडीत अॅक्सिलरेटर दिला की घुमते आणि सोडला की आवाज बदलतो, तेव्हा संशय क्राऊन-पिनियनवर. फक्त वळणावर कडकडते तेव्हा स्टार पिनियनवर, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या आतल्या छोट्या गिअरांवर. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवल्यावर गुरगुर कमी-जास्त झाली तर चाकाच्या बेअरिंगवर. आणि नुसतीच थरथर असेल तर आधी शाफ्ट धुवा: एका बाजूला वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा किंवा गुंडाळलेली नायलॉनची दोरी तेवढ्यानंही थरथर आणते, दोरी तर सील कापते.

क्रॉस बदलताना समोर उभं राहा. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर खूण करायला लावा. सरकता जोड एक दात जरी चुकून बसला तरी शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी नवा क्रॉस टाकूनही थरथरते. वाट्या व्हाइसमध्ये दाबून बसवायच्या. ठोकून बसवल्या तर आतली सुई आडवी पडते आणि महिनाभरात पुन्हा तोच ठोका. ग्रीस चारही वाट्यांच्या कडेनं बाहेर येईपर्यंत भरायचं, एका वाटीतून आलं नाही तर ती कोरडीच आहे. जुना क्रॉस मागून घ्या, त्याच्या दांड्यांवर सुयांच्या बारीक खाचा बोटाला लागतात.

हाउसिंग उघडायचंच असेल तर गाडी सोडण्याआधी झाकणाच्या बोल्टांवरून झाकणापर्यंत रंगाची रेघ ओढून फोटो काढा. पोळ्याला शिंगांना लावून उरलेला ऑइलपेंट चालतो. उघडलं की रेघ तुटते. पक्क्या बिलावर सुट्या भागाचं नाव आणि जोडीचा नंबर लिहून घ्या. बिल हातात असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेली काळी-पिवळी प्रवासी गाडी असली तरी हा हक्क जात नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

त्या कमांडरचं हाउसिंग डिझेलनं धुतलं, पिनियनची दोन्ही बेअरिंगं आणि सील नवं टाकलं, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) लावून फट जुळवली, ९० नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल भरलं. क्राऊन-पिनियनची जोडी आजही तीच जुनी आहे, दोन्हींवरचा नंबर एकच.