गळ्यावरचा टाक्यांचा व्रण: सिलिकॉन शीट की लेझर?

थायरॉइडचं ऑपरेशन होऊन गळ्यावर आडवी रेघ घेऊन फिरणाऱ्यांसाठी लिहितोय, माझं दोन्ही करून झालंय. व्रण पूर्ण जात नाही, कशानेच, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच.

शीट, म्हणजे व्रणावर चिकटवायची सिलिकॉनची पट्टी, वाईट नाही, खोटं कशाला बोलू. जखम नीट भरली की लावायची, रोज किमान 12 तास, 2-3 महिने तरी. दुखत नाही, लेझरपेक्षा स्वस्त. पण सोलापूरचा एप्रिल हो! पारा 42 च्या घरात, गळ्याला घामाच्या धारा, दुकान उघडेपर्यंत शीटचे कोपरे सुटलेले, कडेला धुळीची काळी किनार, मग साबणाने धुवा, वाळवा, परत चिकटवा, तोवर खाली घामोळं उठलेलं. सात रस्त्याच्या सिग्नलला अर्धी शीट कॉलरवर लोंबत होती आणि शेजारचा रिक्षावाला म्हणतोय, मालक, पट्टी सुटली बघा. सिलिकॉन जेलची ट्यूबही मिळते, पण वाळेपर्यंत चिकचिक, आणि कॉलर घासली की गेलीच. एसीत बसणाऱ्यांना हे सगळं पटणार नाही कदाचित.

लेझरमध्ये व्रण ताजा, लालसर असेल तर पल्स्ड डाय (लाली कमी करणारा लेझर), जुना आणि कडक असेल तर बहुतेक फ्रॅक्शनल सीओटू (कातडीवर बारीक बारीक ठिपक्यांत चटके देणारा). माझं दुसरं झालं. सुन्न करायचं क्रीम लावून बसवतात, मग टचटच चटके आणि केस जळाल्यासारखा वास. पुढे काही दिवस बारीक तपकिरी ठिपके दिसतात, गळ्यावर चाळणी दाबून धरल्यासारखे, ते नखाने काढायचे नाहीत. दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिना जातो. आता बोट फिरवलं तर ती टणक कड लागत नाही, रंगातला फरक मात्र राहिलाय.

आपल्या सावळ्या कातडीला लेझरनंतर ऊन लागलं तर तिथे काळपट डाग पडायची भीती असते, त्यामुळे चांगले डॉक्टर पॉवर बेतानेच ठेवतात, आणि दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीतली आमची गड्ड्याची जत्रा झाली की लवकर उरकलेलं बरं. सनस्क्रीन, गळ्याला रुमाल, हे आलंच. व्रण जखमेच्या हद्दीबाहेर पसरत असेल तर तो केलॉइड, तिथे आधी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघतो.

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं असेल तर संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळी निघेपर्यंत शीट लावा, फॅनखाली तेवढी टिकते, आणि पाऊस सरला की लेझरची चौकशी करा.