पुणे–नागपूर विमान: तिकिटावरचा दीड तास आणि माझी डायरी

बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटली हे लिहून ठेवायची खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. त्यामुळे लेकीने “बाबा, दीड तासात नागपूर” म्हणत विमानाचं तिकीट पाठवलं, तेव्हा मी पेन्सिलीला टोक काढलं.

हिंजवडीहून टॅक्सी ३.०५. लोहगाव विमानतळ ४.३५. झाला की दीड तास! नागपूर राहू द्या, पुण्याची हद्दसुद्धा ओलांडली नव्हती.

नवं टर्मिनल ऐसपैस आहे, तक्रार नाही. पण आमच्या बॅगेत विहीणबाईंनी दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात चालत नाही. हे मला ठाऊक नव्हतं, तुम्हाला असू द्या. वाट्या तिथेच राहिल्या आणि सौ. माझ्याशी वर्धा जिल्हा येईपर्यंत बोलली नाही.

सुटायची वेळ ६.४०. विमान जागचं हललं ६.५२ ला, आणि कंपनीकडून (नाव घेत नाही) एक शब्द नाही. आमच्याकडे निदान ‘खेद है’ तरी म्हणतात. चाकं उचलली ७.१४, नागपूरला टेकली ८.१६. हवेत फक्त ६२ मिनिटं! तिकिटावरचा दीड तास म्हणजे जागचं हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, रांगेत ताटकळणं आलं, आणि थोडी राखीव मिनिटंही आली. यात मी त्यांना नावं ठेवणार नाही. शेवटच्या स्टेशनाआधी जादा वेळ टाकून गाडी ‘राइट टाइम’ दाखवायची युक्ती आमच्या टाइमटेबलातही आहेच.

अंतराचं म्हणाल तर हवाई मार्ग ६०० किलोमीटरच्या थोडा वर. नकाशावर पट्टी ठेवून बघा, रेषा लोणारच्या जवळून जाते आणि तिथेच जवळपास निम्मी वाट संपते. रेल्वेला मात्र दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा पडतो, म्हणून पुणे ते अजनी (नागपूरचंच एक स्टेशन) ८८१ किलोमीटर. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत ते १२ तासांत कापते. पण तिच्यात दिवस जातो, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये माझी कंबर.

बॅग पट्ट्यावर आली ८.४५ ला, रिक्षाने अजनीत घरी ९.१५. सोनेगावचा विमानतळ गावातच असल्यासारखा, हे नागपूरचं सुख. दारापासून दारापर्यंत ६ तास १० मिनिटं, त्यातला आकाशात एक तास.

सीट अरुंद, पाणी मिळालं, हवाईसुंदरी अदबीने बोलली, उतरणं इतकं अलगद की पायलटला शाबासकी द्यावीशी वाटली. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या न सांगितलेल्या १२ मिनिटांचा कापला, एक तिकिटाच्या दराचा. दिवाळीला जायचंय तर सौ. पुन्हा विमानच म्हणते. मी अजनीहून वंदे भारत बघतोय, डब्यात खोबऱ्याची चटणी घेऊन.