फिश टँकच्या वार्षिक मेंटेनन्सचे पैसे आगाऊ देण्याआधी हे वाचा

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या आणि घरी फिश टँक असणाऱ्या नाशिककरांसाठी हे मुद्दाम लिहितोय. तुम्ही घरी नसताना टँक साफ करायला कुणी येत असेल, तर पूर्ण वाचा.

आमच्याकडे इंदिरानगरला तीन फुटी टँक आहे, त्यात ओरांडा जातीचे गोल्डफिश. गोल्डफिश घाण फार करतात. दर आठवड्याला निदान पाव भाग पाणी बदलावं लागतं आणि नाइट शिफ्ट लागली की नेमकं तेच राहतं. म्हणून ओळखीतून एक मेंटेनन्सवाला ठरवला. वर्षाचे सहा हजार, सगळे आधी, महिन्यातून दोन फेऱ्या. बोलायला गोड. तो दुपारी यायचा, तेव्हा घरी फक्त आई. "मावशी, तुम्ही बघूच नका, मी आहे ना," हे त्याचं पालुपद.

तो येऊन गेला की काचा लख्ख. पण दोन-चार दिवसांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागायचे आणि एखादा जायचाच. फोन केला की उत्तर ठरलेलं: "साहेब, गंगापूर धरणाचं पाणी बदललंय, सगळ्यांकडेच मरतायत." मग साडेतीनशेची निळ्या औषधाची बाटली, पाचशेची बॅक्टेरियाची बाटली आणि मेलेल्याच्या जागी नवा मासा. सगळं त्याच्याकडूनच.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी घरी असताना तो आला. टँकचं सगळं पाणी त्याने काढून टाकलं. फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिक रिंगा मोरीत नेल्या, नळ पूर्ण सोडला आणि स्पंजातून तपकिरी पाणी यायचं थांबेपर्यंत पिळत राहिला. वर आईला दाखवलं, "बघा किती घाण होती."

ती घाण नव्हती. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. स्पंजावर आणि रिंगांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की कमी होतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं. म्हणून स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा असतो. अमोनियाचं टेस्ट किट मागवलं. त्याच्या पुढच्या फेरीनंतर पाणी तपासलं, तर किटच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं ते हिरवंगार झालं, म्हणजे अमोनिया वाढलेला.

त्याला माहीत नसेल, असं मला आधी वाटलं होतं. पण जो माणूस पाचशे रुपयांना बॅक्टेरियाची बाटली विकतो, त्याला ते कशाने मरतात हे माहीत नसेल? फिल्टर धुवायचा, मासे मरू द्यायचे आणि पुन्हा माल विकायचा, हाच त्याचा धंदा.

पुढचं त्याहून वाईट. आमचा सगळ्यात मोठा लाल टोपीचा ओरांडा सुस्त झाला, तेव्हा "उपचाराला दुकानात ठेवतो" म्हणून तो पिशवीत घालून घेऊन गेला. नंतर म्हणाला, "मेला साहेब, वाचवता नाही आला." आईने दोन दिवस हळहळ केली. काही आठवड्यांनी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला विक्रीचा फोटो आला: टोपीवर डाव्या डोळ्याच्या वर पांढरा डाग, शेपटीची एक पात दुमडलेली. आमचाच मासा. मी फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, तर त्याने नंबर ब्लॉक केला. करारातले महिने उरले होते, ते पैसेही गेले.

तेव्हा, वर्षाचे पैसे एकदम मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. फेरी झाली की त्या फेरीचे द्या. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा: सगळं पाणी काढू द्यायचं नाही, स्पंज नळाखाली न्यायचा नाही, मासा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. माशांचे जवळून काढलेले फोटो ठेवा आणि पैसे यूपीआयनेच द्या.

पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझे स्क्रीनशॉट आणि पेमेंटच्या नोंदी तयार आहेत, तक्रार करतोय. याच पद्धतीने तुमच्याकडेही कुणी आलं असेल तर तुमचे पुरावे डिलीट करू नका.